पाकोळ्यांच्या घराची दुरुस्ती: पक्षी आत यावेत आणि राहावेत यासाठी

मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड आणि व्हिएतनाममध्ये लाळेची, माणसे खातात अशी घरटी बांधणाऱ्या पाकोळी या लहान पक्ष्यांसाठी हजारो इमारती उभ्या आहेत. पण त्यांतल्या सगळ्याच भरलेल्या नाहीत. मलेशियात १९९७ च्या आर्थिक संकटानंतर ओस पडलेल्या दुकानांच्या कितीतरी इमारती घाईघाईने पक्षीघरांत बदलल्या गेल्या. त्या मुळात माणसांच्या दुकानदारीसाठी बांधलेल्या होत्या. त्यांच्या भिंती पातळ, छप्पर तापणारे आणि मजल्यांची रचना पक्ष्यांच्या उडण्याचा विचार न करता केलेली होती. अशा घरात पक्षी येईनासे झाले की मालक सहसा पक्ष्यांना बोलावण्यासाठी लावलेला ध्वनिमुद्रित आवाज वाढवतो, बाजारातला एखादा ‘सुगंध’ आणून छताला घरट्यांसाठी लावलेल्या फळ्यांवर फवारतो किंवा प्रवेशाचे भोक आणखी मोठे करतो. माझे स्पष्ट मत असे आहे की दुरुस्तीची सुरुवात यांपैकी कशानेही करू नये. पाकोळी बाहेरच्या आकाशातून फळीपर्यंत कोणत्या वाटेने जाते आणि त्या वाटेवर ती नेमकी कुठून मागे फिरते, हे आधी शोधावे आणि मगच हातोडी उचलावी.

आधी निदान

संध्याकाळी अंधार पडण्याच्या तासभर आधी घरापासून थोडे दूर उभे राहावे. पक्षी छपरावर घिरट्या घालतात पण भोकात शिरत नाहीत, शिरतात पण लगेच बाहेर पडतात, की आत जाऊन तिथेच राहतात, याची नोंद काही संध्याकाळी सलग करावी. घिरट्याच दिसत नसतील, तर छपरावर काही वेळ पाकोळ्यांच्या हाकेचा ध्वनिमुद्रित आवाज लावून पाहावा. त्यावरही आकाश रिकामेच राहिले, तर दोष इमारतीचा नसून परिसराचा असण्याची शक्यता मोठी आहे. पाकोळ्या उडत्या मुंग्या, वाळवी, माश्या आणि बारीक भुंगे हवेतच टिपून खातात. त्यामुळे जंगल, भातशेती, नदी किंवा पाणथळ जमीन जवळ नसेल, तर कितीही खर्च केला तरी घर भरणार नाही. हे सत्य खर्चाआधी स्वीकारणे मालकाच्याच हिताचे आहे.

आतली तपासणी जमिनीपासून सुरू करावी. फरशी स्वच्छ झाडून फळ्यांखाली काळे प्लॅस्टिक अंथरावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पक्षी चरायला गेल्यावर, ते पाहावे. पाकोळी रात्री एकाच जागी फळीला नखांनी लटकून राहते, म्हणून प्रत्येक मुक्कामी पक्ष्याच्या बरोबर खाली विष्ठेचा छोटा, दाट ठिपका पडतो. विखुरलेले शिंतोडे उडत जाणाऱ्या पक्ष्यांचे असतात, तर एकाच जागी साचलेला ठिपका तिथे राहणाऱ्या पक्ष्याचा असतो. हे ठिपके मोजून घराच्या नकाशावर मांडले, तर कोणत्या खोलीचा कोणता कोपरा पक्ष्यांनी पसंत केला आहे आणि कोणता टाळला आहे, हे कोणत्याही सल्लागाराच्या अंदाजापेक्षा चांगले कळते. त्यानंतर बॅटरीचा उजेड फळीच्या कडेने तिरपा टाकून पाहावा. घरट्याची सुरुवात म्हणजे लाकडावर उमटलेली, सुकलेल्या डिंकासारखी चमकणारी एक पातळ कमान असते. अशी कमान दिसली पण घरटे पुढे सरकलेले नसेल, तर पक्ष्याला जागा आवडली होती आणि नंतर काहीतरी बिघडले, असे समजावे.

प्रत्येक खोलीत तापमान आणि आर्द्रता मोजणारे यंत्र टांगावे. ते फळ्यांच्या उंचीवर असावे. जमिनीवर ठेवलेल्या यंत्राचा आकडा फसवा असतो, कारण गरम हवा छताखाली साचते आणि घरटी तिथेच असतात. पहाटे, भर दुपारी आणि रात्री अशा तीन वेळच्या नोंदी किमान दोन आठवडे घेतल्याशिवाय घराबद्दल निष्कर्ष काढू नये.

परवानगी आणि कामाची वेळ

मलेशियात पशुवैद्यकीय सेवा विभाग आणि स्थानिक परिषद या दोघांचे नियम पाहावे लागतात. पाकोळ्यांच्या घरांसाठी ‘एमएस २२७३:२०१२’ हे राष्ट्रीय मानकही आहे. मलेशियाच्या सारावाक राज्यात १९९८ च्या वन्यजीव संरक्षण अध्यादेशामुळे परवान्याशिवाय या पक्ष्यांची घरटी काढता येत नाहीत. पेनांगमधल्या जॉर्ज टाउन शहराचा जुना भाग २००८ मध्ये जागतिक वारसा ठरला आणि त्यानंतर तिथली पक्षीघरे हटवण्यात आली. म्हणून वारसा क्षेत्रातील जुन्या इमारतीत पैसा घालण्याचा विचारही करू नये.

घरात थोडेसे जरी पक्षी असले, तरी काम त्यांच्या वेळापत्रकानुसारच चालले पाहिजे. बहुतेक पाकोळ्या सकाळी बाहेर पडतात आणि संध्याकाळी परततात. तेव्हा ठोकाठोक सकाळी उशिरा सुरू करून दुपारी चारच्या आत संपवावी. अंडी किंवा पिल्ले असलेल्या खोलीला मात्र हा नियम लागू नाही, कारण तिथे दिवसाही पालक पक्षी असतात. मादी सहसा दोन अंडी घालते. ती उबवायला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो आणि त्यानंतर पिल्लू उडायला सुमारे सहा आठवडे घेते. तेवढा काळ ती खोली सोडून दुसऱ्या खोलीत काम करावे. सगळे घर एकाच वेळी उघडे टाकणे ही दुरुस्ती नव्हे. असलेल्या पक्ष्यांना हुसकावण्याचाच तो मार्ग आहे. नवे प्रवेशद्वार करायचे असेल, तर जुने चालू ठेवून नवे उघडावे आणि पक्षी नव्याने ये-जा करू लागल्याचे दिसल्यावरच जुने बंद करावे.

प्रवेश आणि घिरट्यांची खोली

प्रवेशाचे भोक पक्ष्यांच्या नेहमीच्या उड्डाणमार्गाकडे तोंड करून असावे आणि त्याच्यासमोर झाड, तार, पाण्याची टाकी किंवा शेजारची उंच भिंत नसावी. भोक उभे असण्यापेक्षा आडवे आणि बसके असणे मला अधिक योग्य वाटते, कारण पाकोळी अरुंद फटीतूनही सहज शिरते, पण घुबडाला तिथे अडचण होते. शिवाय उजेडही कमी येतो. सुरुवातीला तीस सेंटीमीटर उंच आणि साठ सेंटीमीटर रुंद एवढे भोक पुरते. पक्षी वाढून भोकापाशी गर्दी होऊ लागली की ते वाढवता येते.

भोकातून आत आल्यावर पक्ष्याला वळायला मोकळी जागा लागते. ही घिरट्यांची खोली चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद असावी. याहून लहान असेल, तर मधली एखादी आडभिंत काढणे हाच सर्वांत फायद्याचा खर्च ठरतो. तिथून खालच्या मजल्यावर जाणारे जमिनीतले भोक प्रवेशाच्या बरोबर खाली नसावे, नाहीतर दिवसाचा उजेड थेट घरट्यांच्या खोलीत उतरतो. दुकानांच्या इमारतींत जुन्या जिन्याची जागा यासाठी आयती मिळते, पण जिन्याच्या पायऱ्या आणि कठडे तसेच ठेवले, तर पक्ष्यांच्या वाटेत अडथळा होतो. ते काढून जागा पूर्ण मोकळी करावी.

पाकोळी अंधारात तोंडाने टिकटिक असा, माणसालाही ऐकू येणारा आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखते. म्हणून तिला अंधाराची अडचण नाही. उलट शत्रूला दिसत नाही अशा जागीच तिला सुरक्षित वाटते. घरट्यांच्या खोलीत डोळे सरावल्यावरही स्वतःचा हात नीट दिसू नये, इतका अंधार हवा. भर दुपारी आत दार लावून पंधरा मिनिटे बसावे, आणि जिथे जिथे उजेडाची चीर दिसेल तिथे खडूने खूण करून ती बुजवावी. भिंतीवर आणि वाटेवर मॅट काळा रंग लावल्याने आत शिरलेला उजेड परावर्तित होत नाही. मात्र रंग वासरहित असावा आणि पूर्ण सुकलेला असावा.

उष्मा आणि दमटपणा

बहुतेक रिकाम्या घरांचा खरा रोग इथेच असतो. घरट्यांच्या खोलीत तापमान साधारण २६ ते ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० ते ९० टक्के असावी. हे आकडे पक्ष्याच्या सुखासाठी जितके महत्त्वाचे, तितकेच घरट्यासाठीही. पांढरे घरटे जवळजवळ पूर्णपणे पक्ष्याच्या लाळेचे असते, आणि ते महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ थरावर थर देत बांधले जाते. हवा कोरडी असेल, तर प्रत्येक थर लवकर आकसतो, घरटे लहान राहते, त्याला भेगा पडतात आणि कधी कधी ते अंड्यांसकट फळीवरून सुटते. हवा अति ओली असेल, तर फळीवर बुरशी धरते, घरटे मऊ पडते आणि त्याचा रंग पिवळट होतो. फरशीवर पडलेले अर्धे घरटे आणि फुटलेले अंडे दिसले, तर आधी आर्द्रतेच्या नोंदी पाहाव्यात.

दुपारी खोली तापत असेल, तर यंत्रे घेण्याआधी उष्णता येते कुठून हे पाहावे. बहुतेक वेळा ती छपरातून येते. पत्र्याखाली उष्णतारोधक थर आणि त्याखाली हवेची पोकळी ठेवून दुसरे छत केले, तर वरच्या मजल्याचा ताप स्पष्टपणे कमी होतो. पश्चिमेकडची भिंत एकपदरी असेल, तर आतून थोडे अंतर सोडून विटांची दुसरी भिंत उभारावी. दोन भिंतींमधली हवाच खरा बचाव करते. बाहेरून पांढरा रंग द्यावा. हे तिन्ही उपाय एकदाच करायचे आहेत आणि त्यांना वीज लागत नाही, म्हणून मी त्यांना आर्द्रतायंत्राच्या कितीतरी वर स्थान देतो.

हवा खेळती राहण्यासाठी भिंतीत पीव्हीसीचे नळ बसवतात. नळाला आतल्या बाजूने खाली वळलेला कोपर लावला, म्हणजे हवा येते पण उजेड येत नाही. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी असलीच पाहिजे. कोरड्या ऋतूत काही नळ झाकणाने बंद करता यावेत, अशी सोय ठेवावी. हवा कोंडली, तर विष्ठेतून निघणारा अमोनिया साचतो आणि खोलीत शिरताक्षणी डोळे चुरचुरतात. माणसाचे डोळे चुरचुरतात तिथे पिल्लांना दिवसरात्र राहायचे असते, हे लक्षात ठेवावे.

एवढे करूनही आर्द्रता कमी पडली, तर भिंतीच्या कडेने उथळ पाण्याचे हौद करावेत. त्यांत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडणे आवश्यक आहे, अन्यथा शेजाऱ्यांना डेंग्यूची भेट दिल्यासारखे होईल. धुके करणारे यंत्र आर्द्रता-नियंत्रकाला जोडावे आणि त्याचा झोत फळ्यांवर न जाता मोकळ्या भिंतीकडे जाईल असा बसवावा. फळी हाताला ओली लागता कामा नये.

फळ्या

घरट्याच्या फळ्यांना इंडोनेशियात ‘सिरिप’ म्हणतात आणि त्यासाठी मेरांतीसारखे लाकूड वापरले जाते. फळी पंधरा ते वीस सेंटीमीटर रुंद आणि सुमारे दोन सेंटीमीटर जाड असावी. पाकोळीचे पाय इतके दुबळे असतात की तिला फांदीवर बसता येत नाही. ती उभ्या पृष्ठभागाला फक्त लटकू शकते. त्यामुळे फळीवर नखे रुततील अशा दोन-तीन मिलिमीटर खोल आडव्या खाचा हव्यात. गुळगुळीत रंधलेली फळी दिसायला सुबक असली, तरी पक्ष्याच्या उपयोगाची नसते. लाकूड चांगले मुरलेले असावे आणि त्याला वॉर्निश, तेल किंवा वाळवीनाशक लावलेले नसावे. नव्या लाकडाचा चीक आणि वास काढण्यासाठी ते पाण्यात भिजवून, नंतर सावलीत पूर्ण सुकवून मगच लावावे.

फळ्या छताला ३० ते ४० सेंटीमीटर अंतराने लांबीच्या दिशेने लावाव्यात आणि मध्ये मध्ये आडव्या फळ्या देऊन चौकोन करावेत. घरट्यासाठी पक्षी बहुधा कोपरा निवडतात, कारण तिथे घरट्याला दोन बाजूंनी आधार मिळतो आणि शेजारची जोडी दिसत नाही. तरीही आडव्या फळ्यांची गर्दी करू नये. पक्ष्याला सरळ उडत येऊन फळीखाली थांबता आले पाहिजे. फळी आणि छत यांच्यात फट राहिली, तर झुरळे तिथेच वस्ती करतात, म्हणून ती फट भरून घ्यावी. लोखंडी खिळ्यांऐवजी न गंजणारे स्क्रू वापरावेत, कारण गंजाचे पाणी फळीवर ओघळले की ती जागा पक्षी सोडून देतात.

जुन्या फळ्यांबाबत संयम हवा. बुरशी वरवरची असेल, तर कोरड्या ब्रशने घासून हवा सुधारावी. लाकडात खोल गेली असेल, तर फळी बदलावी. पण जिच्यावर जोडी नांदते आहे, ती फळी कितीही काळी आणि वाकडी असली तरी काढू नये. पाकोळ्या वर्षानुवर्षे त्याच जागी परत येतात, आणि घरातल्या एका वसलेल्या जोडीचे मोल नव्या फळ्यांच्या पूर्ण खोलीपेक्षा जास्त आहे.

आवाज आणि वास

बाहेरचा आवाज पक्ष्याला भोकापर्यंत आणतो, वाटेवरचा आवाज त्याला आत ओढतो आणि आतला आवाज ही जागा वसती आहे असे त्याला भासवतो. या तिन्हींचे ध्वनिमुद्रण आणि पातळी वेगळी असावी. आत मोजके मोठे भोंगे लावण्यापेक्षा फळ्यांमध्ये विखुरलेले पुष्कळ ट्वीटर, म्हणजे छोटे ध्वनिवर्धक, हळू आवाजात चालवणे चांगले. महिन्यातून एकदा प्रत्येक ट्वीटरजवळ कान नेऊन ऐकावे; घरघरणारा किंवा फाटलेला आवाज पक्ष्याला दूर लोटतो. बाहेरचा आवाज रात्री बंद ठेवावा आणि स्थानिक मर्यादेत असावा. शेजाऱ्यांच्या झोपेचा हक्क पक्षीघराच्या उत्पन्नापेक्षा मोठा आहे. एकदा निवडलेला आवाज काही महिने तरी बदलू नये, नाहीतर कशाचा परिणाम झाला हे कधीच कळत नाही.

सिमेंट, रंग आणि ताज्या लाकडाचा वास जाईपर्यंत भिंती धुऊन घर उघडे ठेवावे. वास ‘जुना’ करण्यासाठी फरशीवर विष्ठा पसरण्याची पद्धत आहे, पण ती स्वतःच्याच घरातली असावी. २०१३ मध्ये व्हिएतनामच्या निन्ह थुआन प्रांतात पाकोळ्यांच्या घरात एच५एन१ बर्ड फ्लू आढळला होता. परक्या घरातली पोती आणून टाकणे म्हणजे ओळख नसलेला रोग घरात घेणे होय. विष्ठा हाताळताना तोंडावर चांगला मास्क लावावा, कारण तिच्या धुळीतून फुप्फुसांचे आजार होऊ शकतात.

शत्रूंचा बंदोबस्त

गव्हाणी घुबड एकदा आत शिरले, तर कित्येक महिन्यांची मेहनत वाया जाते. ते भोकाच्या कठड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या पक्ष्यांना टिपते. म्हणून भोकाखालचा कठडा उताराचा आणि गुळगुळीत करावा, आतल्या बाजूला बसण्याजोगी तुळई किंवा पाइप ठेवू नये. घुबडाला मारू मात्र नये. मलेशियातल्या तेलताडाच्या मळ्यांत उंदरांच्या नियंत्रणासाठी याच घुबडांना मुद्दाम पेट्या बांधून दिल्या जातात. त्याला बसायला जागा मिळाली नाही की ते आपोआप दुसरीकडे जाते.

उंदीर, साप, मोठ्या पाली आणि मुंग्या भिंतीवरून चढतात. बाहेरच्या भिंतीवर गुळगुळीत टाइल्सचा सलग पट्टा, पायाभोवती पाण्याची अरुंद चर आणि दाराखाली फट नसणे, एवढ्याने त्यांतले बहुतेक थांबतात. छपराला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. विषारी फवारे आत कधीही वापरू नयेत. मुंग्यांसाठीचे आमिष इमारतीच्या बाहेर ठेवावे.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच मोठा बदल करावा आणि फरशीवरच्या ठिपक्यांची मोजणी पुन्हा करावी. घिरट्यांच्या खोलीत ठिपके वाढले पण खाली उतरले नाहीत, तर वाटेवरचा उजेड किंवा उष्मा अजून शिल्लक आहे. खालच्या फळ्यांवर मुक्काम वाढला पण कमान उमटत नाही, तर फळी आणि आर्द्रता पाहावी. आत सारखे फिरून पाहण्याचा मोह टाळावा. आठवड्यातून एकदा, दिवसा, कमी वेळ आणि लाल उजेडात जाणे पुरेसे आहे. अवरक्त कॅमेरा लावला, तर तेवढीही गरज पडत नाही.

विष्ठा ठरावीक काळाने काढत राहावी. दमट खोलीत साचलेल्या विष्ठेतील अमोनियापासून नायट्राइट तयार होते आणि ते घरट्यांत उतरते. २०११ मध्ये लाल घरट्यांत नायट्राइटचे प्रमाण जास्त आढळल्यावर चीनने मलेशियातून होणारी आयात रोखली होती आणि पुढे प्रतिकिलो ३० मिलिग्रॅमची मर्यादा घालण्यात आली. अस्वच्छ घरातले घरटे बाजारात नाकारले जाते, आणि त्याआधी तिथल्या पिल्लांनी ती हवा सोसलेली असते.

नव्याने वसलेल्या घरात पहिली काही वीण पूर्ण होऊ द्यावी आणि घरटी तशीच ठेवावीत. इथेच वाढलेली पिल्ले मोठी होऊन याच घरात जोड्या जमवतात, आणि आवाजाने आणलेल्या पक्ष्यांपेक्षा तीच वसाहतीचा खरा पाया ठरतात. पुढेही ज्या घरट्यात अंडे किंवा पिल्लू आहे, त्याला हात लावू नये. रिकामे घरटे काढताना त्याच्या कडेवर पाण्याचा बारीक फवारा मारून ते मऊ होऊ द्यावे आणि पातळ पात्याने लाकूड न खरवडता अलगद सोडवावे. उरलेली कमानीची खूण धुऊन टाकू नये, कारण तीच जोडी पुढच्या वेळी पहिला थर बहुधा त्याच खुणेवर देते.